मेलेली बोटं

“हे काय चाललंय?”

मावशीनं पुतळ्याच्या गालावर टेकलेला आपला गाल झटकन मागे घेतला. दारात मूर्तिकार उभा होता आणि त्याच्या पुढे, हा अर्धपुतळा ज्यांचा होता त्या कारखानदारांची विधवा.

“कोण ही? माझ्या नवऱ्याला काय बिलगून बसलीय?”

“आमच्या मावशी. माती घोटायचं काम करतात,” मूर्तिकार गडबडला. “मावशी, काय हे?”

मावशी त्याच्या वडिलांच्या काळापासून इथं होती. तेलातली माती सुकत नाही. बोटाचा ठसा, कोरणीचा ओरखडा तिच्यावर जसाच्या तसा राहतो. साचा घेतला की तो साच्यात उतरतो आणि मग धातूत कायमचा. म्हणून साच्याआधी टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवून हलक्या हातानं पुसायचं, बोटानं चाचपायचं, पुन्हा पुसायचं. कितीतरी चेहरे तिनं असे नितळ केले होते. त्याच टर्पेंटाइननं तिची बोटं खाल्ली. डोळ्यांनाही आता बारीक दिसत नव्हतं. कुणी नसताना गाल लावून ती कसंबसं निभावून नेत होती.

खरं सांगावं तर काम जाणार, न सांगावं तर अब्रू.

“बाई, माझी बोटं मेलीत,” ती म्हणाली. “गालाला कळतं, म्हणून लावला. दुसरं काही मनात नाही.”

मूर्तिकारानं मातीचा गोळा फळीवर थापला, त्यावर नखानं रेघ ओढली. “डोळे मिटा. रेघ कुठाय सांगा.”

“अरे, तुला मी कडेवर घेऊन...”

“मिटा म्हणतो ना!”

तिनं डोळे मिटले. बोट रेघेवरून दोनदा गेलं. “इथं,” ती म्हणाली आणि ते कोऱ्या जागी टेकवलं.

बाई हसल्या. सुटका झाल्यासारख्या. “म्हणजे नुसती निकामीच आहे होय! मला मेलं भलतंच वाटलं.”

मूर्तिकारही हसला. “एवढं उरका, मावशी. उद्यापासून येऊ नका. आणि आता गाल लावायचा नाही.” फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

बाई पुतळ्याजवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“गार लागतो का हो?”

“काय?”

“यांचा गाल.”

“नाही बाई. दिव्याखाली माती ऊन होते. माणसासारखाच लागतो.”

बाईंनी हात पुढे केला. मावशी “माती मऊ आहे” म्हणेपर्यंत बोट गालात रुतलं होतं.

मूर्तिकार आत आला तो ओरडतच. “हे काय करून ठेवलंत? साचेवाला बाहेर येऊन बसलाय! खाल्ल्या घरचे वासे मोजताय?”

मावशीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी बोट रुमालात गुंडाळलं आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“चुकून लागलं,” मावशी म्हणाली.

तिनं खळगीत चिमूटभर माती भरली, ब्रशनं पुसली, पुन्हा पुसली. वरून बोट फिरवलं. बोटाला काही कळेना.

“बाई,” ती म्हणाली, “ठसा गेला का, तेवढं बघता?”

बाई वळल्या. वाकून पाहिलं. ठशाची कड अजून पुसट दिसत होती.

“गेला,” त्या म्हणाल्या, आणि रुमालातलं बोट मुठीत धरून बाहेर गेल्या.