नमनच्या वाइनबरोबर कोणतं मटण

नमन हा जालन्यातल्या एका मारवाडी जैन लोखंड व्यापाऱ्याचा मुलगा. घरचा धंदा सोडून त्यानं गावाबाहेर वाइनची द्राक्षं लावली, छोटी वाइनरी काढली. यंदा त्याची पहिली रेड वाइन तयार झाली. संभाजीनगरचा एक हॉटेलवाला ती ठेवायला तयार होता, पण आपल्याकडच्या मटणाबरोबर ती कशी लागते, ते त्याला आधी कळायला हवं होतं.

अडचण इथंच होती. नमननं जन्मात मटण खाल्लं नव्हतं. वाइनसुद्धा तो तोंडात घोळवून थुंकायचा. पिणारे दोस्त होते, पण त्यांना प्रत्येक बाटली भारीच वाटायची. म्हणून रविवारी दुपारी तो बाटल्या घेऊन परतूरला धम्मपालकडं आला. धम्मपाल शाळेपासूनचा मित्र, आता तिथं विज्ञानाचा शिक्षक. त्याची बायको रूपाली हिच्या हातचं मटण सगळ्या नात्यात नावाजलेलं.

तिनं झणझणीत रस्सा केला होता, आणि मसाला घालण्याआधी थोडं अळणी मटण बाजूला काढून ठेवलं होतं. नमननं ग्लासात वाइन ओतली आणि धम्मपालपुढं सरकवली.

धम्मपाल ग्लासाकडं बघतच राहिला. नमनला फक्त खाण्याचा सल्ला हवा आहे, अशी त्याची समजूत होती. तो पंचशील पाळणारा; दारूला कधी शिवला नव्हता.

"तू पित न्हाईस, हे मी विसरूनच गेल्तो," नमन म्हणाला.

"अन् तू मटण खात न्हाईस. मंग दोन्ही एका तोंडात कसं जाणार?"

नुसता वास घेऊन सांगता येईल का, असं धम्मपालनं विचारून बघितलं. त्यानं वास घेतलाही, पण रश्श्याच्या वासापुढं त्याला काहीच कळलं नाही. शेवटी रूपाली म्हणाली की ती चव घेऊन थुंकून टाकील. गिळलं नाही तर ते पिणं होतं की नाही, यावर दोघा मित्रांचा बराच वाद झाला. तोवर तिनं मोरीजवळ पाट मांडला आणि रश्श्यातला तुकडा खाऊन वर घोट घेतला.

तिचं तोंड वाकडं झालं. तिनं चूळ थुंकली. तिखट दुप्पट झालं, तोंड पोळलं, म्हणाली. मग पाणी पिऊन नुसताच एक घोट घोळवून थुंकला, अळणी मटणाचा चरबीचा तुकडा चावला, पुन्हा घोट घेतला आणि थांबली. या वेळी मोरीत काहीच पडलं नाही.

"थुंकलीस का?" धम्मपालनं विचारलं.

"न्हाई. गिळला."

धम्मपालला रागवावं की हसावं, ते कळेना. आपण आणि नमननं मिळूनच तिला तिथं बसवलं, हेही डोक्यात होतं.

"कसा लागला?" त्यानं हळूच विचारलं.

"नुसता होता तेव्हा कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी तोंड कोरडं पडल्तं. या मटणाबरोबर मऊ झाला. पण बराबर सांगायचं तर अजून एक घोट घ्यावा लागंल, अन् तो मला नको." थोडं थांबून ती म्हणाली, "गिळला कशाला, ते मलाच कळंना."

नमननं तिथूनच हॉटेलवाल्याला फोन लावला आणि खरं ते सांगितलं: रश्श्याबरोबर जमत नाही, अळणी मटणाबरोबर जमतं. हॉटेलवाला हसला. त्याच्याकडं अळणी खायला कोण येतं, म्हणाला. तरी थोड्या बाटल्या पाठव, बघू.

"म्हंजे जमलं का न्हाई?" फोन ठेवून नमननं दोघांना विचारलं.

धम्मपालनं रूपालीकडं बघितलं, रूपालीनं धम्मपालकडं. मग तिच्या लक्षात आलं की नमन सकाळपासून उपाशी आहे. तिनं वेगळ्या कढईत कांदा-लसूण न घालता पिठलं टाकलं, आणि धम्मपालला भाकरीचं पीठ मळायला बसवलं.