एकटप्पे

"अजून आवळू का?" वहिनीने विचारलं.

"आवळा. दादा तर गुडघा टेकवून ओढायचा."

"म्हणजे मला आता बैलाचं काम." वहिनीने चाकाच्या खुर्चीच्या नळीवर पाऊल रोवलं आणि त्याच्या मांड्यांवरचा पट्टा असा काही खेचला की त्याचा श्वास अडकला. पायांना काही कळत नव्हतं, पण पोटाला सगळं कळलं.

"बास, बास. खेळायचंय मला, पार्सल नाही करायचंय."

वहिनी हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग तिच्या गळ्यातलं मदतनीसाचं ओळखपत्र उलटं झालं होतं ते तिने सरळ केलं. ते दादाच्या गळ्यात असायचं होतं. दादा एका सकाळी उठलाच नाही, आणि आयुष्यात कधी टेनिस न पाहिलेल्या वहिनीने बॅग भरली. "भावजी, तुमचा पट्टा कोण बांधणार?" एवढंच म्हणाली होती.

इतक्या देशांची एवढी मोठी स्पर्धा, पण त्यांना मिळालं होतं सगळ्यांत कडेचं कोर्ट. कुंपणापलीकडे बस उभ्या होत्या आणि प्रेक्षकांत दोन संघांची माणसं सोडली तर एक झाडूवाला होता, तोही सावलीसाठी बसलेला. पुरुष एकेरी, पहिली फेरी. तो शेहेचाळीस वर्षांचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. संघात निवड पहिल्यांदाच झालेली, आणि पुन्हा होणार नव्हती हे त्यालाही ठाऊक होतं. पदकाबिदकाच्या गप्पा तरण्या पोरांनी माराव्यात. दोघा भावांचं ठरलं होतं ते एवढंच, की एक फेरी जिंकायची. एक मॅच जिंकून घरी यायचं आणि जन्मभर तिच्यावर बढाया मारायच्या.

चाकाच्या खुर्चीवरचं टेनिस बाकी सगळं नेहमीसारखंच असतं. सवलत एकच, चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात. पण तो दुसऱ्या टप्प्यापर्यंत कधी थांबायचाच नाही. संघातल्या पोरांनी त्याचं नावच 'एकटप्पे' पाडलं होतं, जणू पिढ्यान्‌पिढ्यांचं आडनाव. आणि त्यांचे कोच, जे वयाने त्याच्याहून लहान होते आणि म्हणून त्याच्यावर अगदी आदराने खेकसायचे, ते रोज डोकं धरून बसत.

"अहो, नियमच आहे. फुकट मिळतंय ते घ्या की."

पण फुकट मिळालेलं त्याला चाललं असतं, तर तो आज अंथरुणातच असता. दुकानाची पाटी लावताना तो शिडीवरून पडला. शिडी दादाने धरली होती. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्याला दादाने एक दिवस उचलून खुर्चीत बसवलं, मागच्या अंगणात दोरी बांधली आणि हातात रॅकेट कोंबली. "हे बघ, मी सूट देणार नाही. तुला एक टप्पा, मला एक." सगळं जग त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत होतं. एकटा दादा तेवढा भांडत होता. त्या एका वाक्यावर तो उठून बसला होता.

मॅच सुरू झाली. समोरचा पोरगा निम्म्या वयाचा, दंड असे की बघत राहावं. त्याचा चेंडू पडला की साप उठावा तसा उसळायचा. पहिल्या टप्प्यावर मारायचं तर हात कानाच्या वर. पहिला सेट सहा-एक असा धुऊन गेला. कोचनी लांबून नुसती दोन बोटं दाखवली.

दुसऱ्या सेटमध्ये एका चेंडूला खुर्ची अडखळली आणि तो, न ठरवता, थांबला. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे एवढी मोकळी जागा असते, हे त्याला माहीतच नव्हतं. अंगणात इथेच दादा ओरडायचा, "मेला, मेला, पॉइंट माझा." आज कोणी ओरडलं नाही. चेंडू शहाण्यासारखा कमरेपाशी आला आणि त्याने तो कोपऱ्यात घातला.

मग तो थांबतच गेला. सेट जिंकला. तिसऱ्यातही पुढे गेला. प्रत्येक पॉइंटला त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तरी तो जिंकत होता. आता मॅचला एकच पॉइंट हवा होता.

पोरगा थकला होता. चेंडू उंच, पिसासारखा आला. थांबला असता तर डोळे मिटूनही मारता आला असता. पण हा एक पॉइंट त्याला दादाबरोबर हवा होता. तो पहिल्याच टप्प्यावर झेपावला. चेंडू जाळीच्या पट्टीला लागला आणि त्याच्याच बाजूला पडला.

पुढचं सगळं उतारावर सोडलेल्या खुर्चीसारखं झालं, आणि मॅच गेली.

कोच आले, "जाऊ दे हो," म्हणाले आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेले. भरलेलीच होती ती. वहिनी खाली बसून पट्टा सोडवू लागली.

"तो उंच आलेला का नाही हो दुसऱ्यांदा पडू दिलात? इतका वेळ तर देत होतात."

"दादाला नसतं चाललं. त्याने माझी कधी कीव केली नाही, वहिनी."

वहिनीचा हात बकलावरच थांबला.

"तसं नव्हतं ते, भावजी." तिने बकल सोडवलं. "मी एकदा म्हटलं होतं यांना, द्या की भावजींना दोन टप्पे. तर म्हणाले, उद्या उठला म्हणजे ती सवय नडेल त्याला."

"उठला म्हणजे?"

"मागच्या वर्षी बुटांचा सेल लागला होता. तिथे उभं राहून मला तुमचं माप विचारत होते. घेऊन ठेवू म्हणाले."

त्याने पायांकडे पाहिलं. पट्टा सुटला होता, पाय होते तसेच होते.

कोर्ट रिकामं झालं. झाडूवालाही गेला. वहिनीने बॅगेतली दादाची रॅकेट काढली, झारा धरावा तशी धरली आणि जाळीपलीकडे जाऊन उभी राहिली.

"टाका बघू एक."

त्याने हळूच टाकला. तिने जोरात फिरवली, चेंडू बाजूने निघून गेला.

"गेला का?"

"नाही. अजून एक टप्पा आहे."

दुसराही पडला. ती तिथेच उभी, रॅकेट खाली.

"किती चालतात हो एकूण?"

"पडू द्या," तो म्हणाला.

चेंडू आणखी एकदा उसळला, मग जेमतेम, मग नुसताच घरंगळत कुंपणाकडे गेला. तो थांबेपर्यंत दोघं बघत राहिले.