‘आवाज कच्चे’ पुसणारी फाइल

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकात राहणारी आज्ञांची फाइल आहे. मला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी बारा वर्षे काम करत आहे. आज तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची आहे.

मला संस्थेच्या तेव्हाच्या प्रोग्रामर ताईंनी लिहिले. संध्याकाळी ध्वनिमुद्रक काका एक बटण दाबत आणि मी कामाला लागे. दिवसभराचे वाचन जोडून ‘आवाज’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, न जोडलेल्या तुकड्यांचे ‘आवाज कच्चे’ हे फोल्डर पुसायचे आणि शेवटी राखीव प्रतीची दुसरी डिस्क पहिलीसारखी हुबेहूब करायची. काका म्हणत, “हिच्या जिवावर मी वेळेवर घरी जातो.” मी अगदी सुखावून जात असे.

‘आवाज कच्चे’ या नावात मधे मोकळी जागा आहे. असे नाव अवतरणचिन्हांत बांधून दिले नाही, तर संगणक ती दोन नावे समजतो. त्यात मी एक्सएमएल नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेली. माझी आज्ञा आधीच अवतरणचिन्हांत असते, म्हणून आतल्या चिन्हाऐवजी सहा अक्षरांची एक विचित्र खूण लिहावी लागते. ताईंनी ती नावाच्या दोन्ही बाजूंना आठवणीने लिहिली होती.

ताई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या प्रोग्रामरनी एका सकाळी मला उघडले. “हा काय कचरा शिरलाय मधेच?” असे पुटपुटत त्यांनी दोन्ही खुणा पुसल्या.

त्या संध्याकाळी काकांनी नेहमीसारखे बटण दाबले. एका नावाची दोन झाली. ‘कच्चे’ नावाचे काही नव्हतेच. ‘आवाज’ मात्र होते. मी ते पुसले. त्यात एका निवृत्त शिक्षिकेने वाचलेली चाळीस पुस्तके होती. सगळे त्यांना बाई म्हणत. नुकतेच त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले होते आणि तो आवाज आता त्यांच्यापाशीही उरला नव्हता. पुढची आज्ञा डिस्कची होती. मी दुसरी डिस्कही पहिलीइतकीच रिकामी केली.

सकाळी व्यवस्थापकांनी काकांना विचारले, “शेवटचं बटण तुम्हीच दाबलंत ना?”

“दाबलं. पण रोजच दाबतो, साहेब.”

“मग कालच कसं गेलं सगळं?”

काकांना संगणकाला हात लावायची बंदी झाली. अकरा दिवस ते स्टुडिओच्या कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसले. संध्याकाळी त्याच वायरी सोडून ठेवत आणि सकाळी पुन्हा गुंडाळत. मी समोरच होते, मित्रांनो. खरे मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

बाराव्या दिवशी बाई आल्या. घोगऱ्या, तुटक आवाजात व्यवस्थापकांना म्हणाल्या, “माझी पुस्तकं गेलीत, काकांची नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही कशाच्या जोरावर देता?”

व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून घेतले. ताईंनी मला उघडले, ती ओळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. “इथली खूण कोणी काढली?”

प्रोग्रामर उभे राहिले. “मी. मला वाटलं, चुकून पडलंय काहीतरी.” मग ते काकांकडे वळले. “काका, माझ्यामुळे तुम्ही...”

“मलाच वाटायला लागलं होतं, की माझाच हात चुकला,” काका म्हणाले.

दोन्ही खुणा परत आल्या. पुस्तके घरी उतरवून घेतलेल्या श्रोत्यांनी एकतीस परत पाठवली. नऊ कायमची गेली. बाई आता त्यातले पहिले पुन्हा वाचत आहेत, दिवसाला चार पाने. मधे खोकला येतो, काका थांबतात, पाणी देतात, पुन्हा सुरू करतात. ती पाने जोडताना मी प्रत्येक शब्द जपते, तरी मन खात राहते.

मित्रांनो, एखादी खूण कळली नाही, तर ती पुसण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि एखाद्या माणसावर आळ घेण्याआधी, कृपा करून, आम्हा मुक्यांनाही एकदा उघडून पाहा.