नीलाची लाल वही

आठवी ‘ब’मध्ये नीलाच्या वहीइतकी लाल वही कुणाचीच नव्हती. बाकीच्या मुली गाइडातला इंग्रजी निबंध जसाच्या तसा उतरवून आणत, त्यात चुका कशाला सापडतील? नीला मात्र मनातलं लिहायची. पहिल्या पाळीचा भोंगा, आईची दुखरी कंबर, धाकट्या बहिणींची भांडणं. क्रियापदं भलतीकडेच, काळाला काळ लागायचा नाही. इंग्रजीच्या बाई, सुमनताई, मात्र कीर्तनात बुवांचा पूर्वरंग रंगावा तशा त्या वहीत रंगून जात आणि एकूण एक चूक लाल शाईनं दुरुस्त करत. ही पोर मॅट्रिकला इंग्रजीत नाव काढणार, असं त्या मनाशी धरून बसल्या होत्या. दर महिन्याला वही घरी दाखवून वडिलांची सही आणायची, हा नियम त्यांचाच.

यंदाच्या माघात वही आली नाही, नीलाही आली नाही. आठव्या दिवशी बाई पिंपरीतल्या कामगार वसाहतीत तिच्या घरी गेल्या. हिंदुराव, तिचे वडील, नुकतेच कंपनीतून आले होते. त्यांनी बाईंना खाटेवर बसवलं.

“नीलाचं जमवलं, बाई. खेडकडचं स्थळ हाय. परवाच सुपारी फुटली.”

“अहो, पंधरावं नुकतं लागलंय तिला. आणि शाळा?”

“शाळेत काय ऱ्हायलंय तिचं?” हिंदुरावांनी फळीवरची वही उघडली. “मी तपासणीला हाय. जॉबवर, म्हंजी मशिनीवर घडवलेल्या तुकड्यावर, लाल ठिपका पडला, का तो भंगारात. मीच टाकतो ठिपका. हितं तर पानंच्या पानं लाल. तुमी भल्या, तोंडानं बोलला न्हाईत. पन मला कळलं.”

बाई खाटेवरून उठल्या. “दादा, वर्गात सगळ्यांत पुढं तीच आहे. जी स्वतःचं लिहिते तिच्याच चुका होतात. म्हणून तर मी इतकी खपते तिच्या वहीवर.”

हिंदुरावांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, “तसं खाली लिवायचं तरी हुतं, बाई. एक ओळ. मराठीत.”

बाईंनी पानं चाळली. चांगलं म्हणून एक अक्षर त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं.

“अजून लग्न मोडता येईल. मी येते तुमच्याबरोबर त्यांच्याशी बोलायला.”

“दोन पोरी हायत मागं. शब्द फिरवला तर त्यांना कोन करून घेनार?”

नीला चहा घेऊन आली. “बाई, चुका दुरुस्त करून परत लिहिलाय निबंध. शेवटच्या पानावर.”

बाईंनी वाचला. दोन चुका राहिल्या होत्या.

“सगळं बरोबर आहे गं,” त्या म्हणाल्या.

नीला तिथंच उभी राहिली, बाई पुढच्या निबंधाचा विषय सांगतील म्हणून.