जत्रेच्या दिवशीची पाहणी

पान मांडण्याआधी

"खाडीत मासेमारी चालते की नाही, एवढंच बघायचंय," जेट्टीच्या पाहणीचे साहेब फोनवर म्हणाले. "दिवस तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा! सरकारी माणूस गावाला दिवस विचारतो, असं खाडीकाठच्या करावे गावात कुणी ऐकलं नव्हतं. नामा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. कंपनीवाला शेठ खाडीवर जेट्टी बांधायला निघालेला; ती झाली की खाडीचं तोंड बंद, होड्या आत अडकून सडणार. मासेमारी चालू दिसली तर जेट्टी दुसरीकडं. नामाची छाती फुगली. "गावदेवीच्या जत्रेला या, साहेब. जेवायलाच या."

पाहुणा बोलवायचा तर जत्रेलाच, ही गावाची रीत.

"शेठपन येनार?" बायकोनं, सगुणानं विचारलं.

"येऊ दे. आपल्या हातचं खाल्ल्यावर मानूस उलटत नाय."

"मोठा मानूस जेवताना कदी बगितलास काय?"

पहिला घास

गाड्या दोन आल्या. पुढच्या गाडीतून शेठ उतरला. साहेब मागच्या गाडीतून उतरून जवळजवळ धावतच त्याच्याकडं गेले.

चिंबोऱ्यांचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. साहेबांचा हात पानावर तसाच थांबलेला. शेठनं चिंबोरीची नांगी कटकन फोडली, चोखली. मग साहेबांनी भाकरी मोडली.

नामानं ते पाहिलं.

"झकास!" शेठ म्हणाला. "कुठल्या या?"

"आपल्या खाडीतल्या. कालच धरल्या."

"काल." शेठ साहेबांकडं बघून हसला. "आणि आज?"

वाढप

आज.

आज जत्रा. जत्रेला पाण्यात होडी घालायची नाही. देवीचा दिवस, खाडीलाही विसावा. झेंडूच्या माळा आणि पताका घालून सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओळीनं बसवलेल्या. दिवस देताना नामाच्या डोक्यात फक्त पंगत होती.

आणि वर भुंग्यासारखा आवाज. पाहणीचा ड्रोन. रिकाम्या खाडीवरून तो सावकाश फिरत होता, शेतावरून घार फिरते तसा.

"साहेब, आज आमी होड्या काढत नाय. उद्या सकाळी बगा ना."

"पाहणी आजची आहे, चेअरमन. दिवस तुम्हीच दिलात."

साहेबांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नामाला धीर आला असता.

"भाकरी घ्या अजून," शेठ म्हणाला. नामाच्या अंगणात. नामाला.

अर्ध्यावरून उठणं

नामा पंगतीतून उठून किनाऱ्यावर गेला, आपल्या होडीला भिडला. ती हलेना.

"आज नाय रं!" देवीचा भगत मारोती आडवा आला. "दिवस मोडतोस?"

"उद्या खाडीच नसली तर कुठला दिवस पालशील, मारोतीदादा?"

कुणी हात लावला नाही. जे काल रात्री त्याच्या ओट्यावर हसत बसले होते, तेही नाही. सगुणा पुढं आली, पदर खोचला, खांदा लावला. दोघांनी मिळून होडी पाण्यात घातली. मागं ढोल थांबला.

नामानं जाळं फेकलं. ड्रोन खाली आला, डोक्यावर येऊन थांबला. त्याच्या वाऱ्यानं माळांतली फुलं गळून पाण्यावर पडू लागली.

मग ड्रोन उंच निघून गेला आणि पाणी निवांत झालं. काठावर येऊन उभ्या राहिलेल्या शेठ-साहेबांचं बोलणं साफ ऐकू येत होतं.

"एक होडी आहे, सर." साहेब चाचरत म्हणाले. सर म्हणाले, शेठला.

"फुलं बघा की तिच्यावर. जत्रेची सजवलेली होडी आहे ती. भाविक असतील."

साहेब क्षणभर नामाकडं बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "भाविक."

विडा

शेठनं विडा तोंडात टाकला आणि काठावरून हात हलवला. "चेअरमन, जेवण एक नंबर! पुढच्या जत्रेलाही येणार. जेट्टीवरच पंगत बसवू, खर्च आमचा!"

गाड्यांची दारं वाजली.

"ओढ," सगुणा म्हणाली.

जाळं जड झालं होतं. दोघांनी ते दात आवळून वर ओढलं. आत चांदीसारखी फडफड. नामानं ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं, जेवढं जाईल तेवढं वर, पाणी तोंडावर निथळत असताना.

ड्रोन केव्हाच गेला होता.