मास्तरांची नळी

वॉर्डातल्या नर्स पोरी त्या सीनियर सिस्टरला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. नर्सने कसं वागावं याबद्दल तिची मतं ठाम होती, त्यातलं एक तर चक्क हट्टाचं. पेशंट शुद्धीवर असो वा नसो, अंगाला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. "मास्तर, कूस बदलतेय हं." "मास्तर, पाणी जरा गार आहे, ओरडू नका." मास्तर ओरडणार कुठले! शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून डोळे मिटून पडला होता. नाकातून पोटात गेलेल्या नळीतून त्याला खाऊपिऊ घालावं लागे. तरी फौजदारीण बोलायची ती बोलायचीच, आणि नव्या पोरींनाही बोलायला लावायची.

आज वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा होती. ती पास झाली की फौजदारीण वॉर्डची इन्चार्ज होणार होती. सासूबाईंनी तर शेजारीपाजारी ही बातमी कधीच पेरून ठेवली होती. तिलाही ती खुर्ची हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. उगाच साधुत्वाचा आव कशाला आणायचा?

परीक्षा घ्यायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. विषय होता नाकातून नळी घालण्याचा, पण घोडं अडलं बाहुल्यापाशी. सरावाच्या रबरी बाहुल्याचं नाक मागच्या तुकडीने ओढाताणीत फाडून ठेवलं होतं. मॅडमनी वॉर्डभर नजर फिरवली आणि ती मास्तरांच्या खाटेवर येऊन थांबली.

"हे चालतील. यांची नळी काढा, मग प्रत्येकीने एकदा घालून दाखवा. सिस्टर, तुम्ही सीनियर, तुमच्यापासून सुरुवात."

"यांची नळी बदलायची वेळ अजून झालेली नाही, मॅडम."

"अहो, परीक्षेसाठी म्हणतेय मी. त्यांना काय कळणार आहे?"

फौजदारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले कित्येक आठवडे या माणसाला पाठीवर एक फोड येऊ नये म्हणून ती जपत होती, ते काय त्याला कळतंय म्हणून?

"कळत नाही म्हणूनच नको," ती म्हणाली. "शुद्धीवरचा माणूस घोट गिळतो, नळी पोटाकडे जाते. यांना गिळता येत नाही. एकीची जरी चुकून श्वासनळीत गेली, तर? आणि कशासाठी? आमच्या सर्टिफिकेटसाठी? यांच्या मुलीला विचारलंय कुणी?"

"सगळे असंच शिकतात, सिस्टर. आणि नळी घातल्याशिवाय मी कुणालाही पास करणार नाही."

सगळ्यांत लहान पोर, जिला सगळ्या चिमणी म्हणत, हातमोजे चढवून कशीबशी पुढे सरकली. तिची नोकरीच या परीक्षेवर लटकलेली. फौजदारीण खाट आणि ती यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चिमणीचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? हातमोजे घातलेस ना? मग वापर." फौजदारणीने पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसकण मारली आणि मान ताठ केली. "घाल माझ्या नाकात. मी शुद्धीवर आहे आणि हो म्हणतेय."

चिमणीने नवी नळी काढली. नाकापासून कानापर्यंत, तिथून पोटाच्या वरच्या खळगीपर्यंत माप घेतलं, टोकाला जेली लावली. "ताई, घालतेय हं," ती पुटपुटली. नळी आत सरकली. फौजदारणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, घशाशी उमासा आला आणि तिने झटकन हात वर केला. चिमणी जागच्या जागी थांबली. श्वास जागेवर आला, पाण्याचे दोन घोट झाले आणि नळी पोटात उतरली. चिमणीने सिरिंजने आतलं पाणी ओढून आम्ल ओळखणाऱ्या कागदावर तपासलं, रंग बरोबर आला, म्हणजे नळी पोटातच होती. पोरीचा चेहरा उजळला.

नाकातून लोंबती नळी घेऊनच फौजदारीण मॅडमकडे वळली. आवाज गेंगाणा झाला होता, पण पोलिसी खाक्या तसाच होता.

"मी हात वर केला आणि ही थांबली, बघितलंत? मास्तरांना हात उचलता येत नाही. म्हणून त्यांच्या वतीने मी उचलते."

"नळी हिने घातली. तुम्ही नाही," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "ही पास. तुम्ही नापास. खुर्ची दुसरीला जाईल, एवढं लक्षात ठेवा."

आत कुठेतरी खोल कळ आली. तिने ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"जाऊ दे. खुर्चीत कुणीही बसो, मॅडम. मास्तरांच्या नळीला उगाच हात लावायचा असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे." मग भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या पोरींवर ती खेकसली, "बघत काय बसलात? पुढची कोण? अजून एक नाकपुडी रिकामी आहे!"