दोनशे सातच्या दारातले उलटे भिंग

मित्रांनो, मी दारात बसवलेले एक जुने भिंग आहे. हॉटेलच्या दाराला मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर बोटभर छिद्र असते ना, तेच माझे घर. बाहेर कुणी टकटक केली की आतला माणूस आधी माझ्यातून पाहतो आणि मग कडी काढतो. म्हणजे माझा जन्मच संशयापायी झालेला. सगळ्यांवर विश्वास असता, तर मला विकत कुणी घेतले असते?

माझे शरीर म्हणजे पितळेची एक नळी आणि दोन काचा. दाराबाहेरची काच मध्ये खोलगट, आतली फुगीर. त्यामुळे माझ्यातून सगळे लहान दिसते, पण पुष्कळ दिसते. जिना, शेजारची दोन्ही दारे, भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला माणूससुद्धा. एक खोड मात्र आहे. जो अगदी जवळ येतो त्याचे नाक भोपळ्याएवढे दिसते आणि पाय काडीएवढे. टपाल आणून देणारा साधा भला माणूसही माझ्यातून अट्टल चोर वाटतो.

माझी पहिली नोकरी एका लॉजमध्ये होती. तिथे पाहुणे एका रात्रीपुरते येत. आत शिरताच गादी दाबून पाहत, उशीखाली पाकीट ठेवत, दाराला खुर्ची टेकवत आणि झोपण्याआधी निदान तीनदा माझ्यातून बाहेर डोकावत. त्याच मजल्यावर दहा खाटांची सामाईक खोली होती. तिथल्या दाराला भिंग नव्हते. दहा अनोळखी माणसे आतच असताना बाहेर कुणाला पाहायचे? ते लोक पिशवीचा बंद पायाला बांधून झोपत. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की राहण्याची जागा कशी आहे हे पाटीवरून कळत नाही, लोक दाराशी काय करतात त्यावरून कळते.

लॉज बंद पडला. दारे, कड्या, नळ सगळे विकले गेले आणि मी एका मोठ्या हॉटेलात आले. दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक दोनशे सात. इथे मऊ गालिचा होता, पांढऱ्या चादरी होत्या आणि स्वागताला हसणारी माणसे होती. अशा हसण्याचा मला फार संशय येतो. पण इथे पहिली गफलत झाली ती माझ्याच बाबतीत. मला उलटे बसवले गेले. खोलगट काच आत आणि फुगीर काच बाहेर. आतून पाहिले तर धुरकट ठिपका, बाहेरून पाहिले तर सगळी खोली. हे आत राहणाऱ्या कुणाच्याही लक्षात आले नाही. पाहुणे म्हणत, "जुनं झालंय भिंग," आणि सोडून देत.

त्या मजल्यावरच्या खोल्या आवरायला एक मावशी होत्या. अकरा वर्षे त्यांचे तेच काम. त्यांची एक पद्धत होती. टॉवेल-चादरींची ट्रॉली दारापासून चार पावलांवर थांबवायची आणि लांबूनच भिंगाकडे पाहायचे. भिंग काळे असेल तर पाहुणा झोपलेला, पुढे जायचे. भिंग चमकले तर आतला पडदा सरकलेला, मग टकटक करायची. झोपलेल्या माणसाला त्यांनी कधी उठवले नाही. मॅनेजरसाहेब त्यांचे कौतुक करत, पण हे मावशींना कसे जमते ते साहेबांनी कधी विचारले नव्हते.

मग दोनशे सातमध्ये एक तपासनीस बाई पंधरा दिवसांसाठी आल्या. औषधांच्या कारखान्यात तपासणी करणे हे त्यांचे काम. प्रत्येक गोष्ट वहीत टिपायची सवय. चौथ्या सकाळी त्यांनी ती वही मॅनेजरसाहेबांसमोर धरली.

"पडदा सहा बावन्नला उघडला, टकटक सहा चोपन्नला. काल सात दहा आणि सात अकरा. मी उठले हे तुमच्या मावशींना कळतं कसं?"

मॅनेजरसाहेबांनी मावशींना माझ्यासमोर बोलावले. "खरं सांगा मावशी, डोकावता का?"

"डोकावू कशाला? भिंग उजळलेलं दिसतं लांबून."

"रोज? मिनिटाच्या हिशोबाने?" असे म्हणत त्यांनी मला डोळा लावला आणि दचकून मागे सरले. "अरे देवा! टेबलावरचा चष्मा दिसतोय, घड्याळ दिसतंय! मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या हातातल्या चादरी तशाच राहिल्या. "साहेब, कामावरून काढा हवं तर. पण डोकावते म्हणून काढलंत, तर दुसऱ्या कुठल्या हॉटेलात मला दारात तरी उभं करतील का?"

मित्रांनो, बाहेरून माझ्यावर टेकलेला तो पहिलाच डोळा होता. तो मावशींचा नव्हता. पण भिंगाला तोंड नसते.

तपासनीस बाई मावशींकडे निरखून पाहत होत्या. "मावशी, जरा डोळा लावून दाखवा."

"नको बाई. एवढा आळ आल्यावर आता कशाला लावू?"

"मीच सांगतेय ना. लावा."

मावशी पुढे आल्या. त्यांचे डोळे माझ्या चार बोटे खाली राहिले. टाचा उंचावल्या तरी दोन बोटे कमीच.

"ट्रॉलीवर चढत असतील," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"चाकांच्या ट्रॉलीवर? तुम्ही चढून दाखवा बरं!"

मॅनेजरसाहेब चढले नाहीत. तोवर बाईंनी माझ्या कडेवर नख फिरवले. "ही नाण्यानं फिरवायची खाच बाहेर कशी? ती आत असते. हे उलटं बसवलंय कुणी?"

"सुतारानं."

"तो बिचारा सांगत होता की उलटं होईल," मावशी हळूच म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, चकचकीत पितळ आत असू दे, पाहुण्याला दिसलं पाहिजे."

पाच मिनिटांत एका नाण्याने मी सुलट झाले. मॅनेजरसाहेबांनी बाईंची दोनदा माफी मागितली. मावशींना म्हणाले, "चला, कामाला लागा."

नोकरी वाचली. पण मावशी आता माझ्याकडे पाहत नाहीत. दहा वाजेपर्यंत कुठलेच दार वाजवत नाहीत. बाई निघाल्या त्या दिवशी दार उघडून म्हणाल्या, "या ना मावशी, आवरून घ्या. मी बसते इथंच."

"नको. आधी तुम्ही बाहेर या, बॅग हातात घ्या, मग मी आत जाते."

बाई बॅग घेऊन बाहेर आल्या.

मित्रांनो, कुठे मुक्कामाला गेलात तर मला मऊ कोरड्या फडक्याने पुसा. माझी खाच आतल्या बाजूला आहे ना, ते तपासा. नसेल तर माझ्यावर कागद चिकटवा आणि हॉटेलवाल्यांना सांगा. पण कुणावर आळ घेण्याआधी एक नाणे काढा आणि पाच मिनिटे खर्च करा. मला सुलट करायला तेवढीच लागली. मावशी अजून खाली मान घालूनच माझ्यासमोरून जातात. त्या सकाळपासून मी दिवस मोजते आहे. आज एकविसावा.